हाडाचा विसावा

"हे काय आहे?" मी विचारले.

"कणीक," दवाखान्यात व्यायाम करून घेणाऱ्या मगदूम मॅडम म्हणाल्या. "सकाळी घरातून मळून आणलीय. दाबा."

स्टीलच्या ताटलीत लिंबाएवढा कणकेचा गोळा होता. मी त्यावर उजवा हात ठेवला आणि जोर केला. बोटे गोळ्यावर नुसती टेकून राहिली. कपाळावर घाम आला. परंतु कणकेवर नखाएवढी खूणही उमटली नाही.

"मॅडम, मी मालिश करून घ्यायला आलोय. मोठ्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिलीय."

"चिठ्ठीत मालिश लिहिलंय का?"

"इंग्रजीत आहे. मला कुठं वाचता येतंय."

"त्यात असं लिहिलंय की कष्ट तुम्ही करायचे आणि मी नुसतं बघत बसायचं," असे म्हणून त्यांनी कोन मोजण्याची पारदर्शक पट्टी माझ्या मनगटाला लावली, वहीत एक आकडा लिहिला आणि वही माझ्याकडे फिरवली. आकडा मात्र मला वाचता आला. पंधरा.

"चांगल्या माणसाचं मनगट मागं सत्तर अंशांपर्यंत जातं. तुमचं पंधरा. काम काय करता?"

"तंबोरे करतो."

"मग सत्तर लागतील," त्या म्हणाल्या.

ही हकिकत अठ्ठावीस वर्षांपूर्वीची आहे. माझे नाव दस्तगीर. मिरजेत आमचे तंबोऱ्यांचे दुकान तीन पिढ्यांपासून आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढे जे काही ज्ञान मिळाले ते वाचनालयाच्या पुस्तकांतून आणि अब्बांच्या, म्हणजे माझे वडील बाबालाल यांच्या, हाताखाली मिळाले. त्या वेळी माझे वय एकतीस होते.

अपघात माझ्याच हाताने घडला. सायकलवरून एक मोठा भोपळा घेऊन येत होतो. तसा डौलदार भोपळा दोन-तीन वर्षांतून एखादाच मिळतो. स्टेशनच्या वळणावर चाक घसरले. त्या क्षणी माणसाने स्वतःला सावरावे की नाही; मी भोपळा डाव्या कुशीत धरला आणि उजवा हात रस्त्यावर टेकला. भोपळ्याला चरा गेला नाही. मनगटाच्या हाडाचे तीन तुकडे झाले. शस्त्रक्रिया करून आत पट्टी व स्क्रू बसवावे लागले. सहा आठवड्यांनी प्लॅस्टर निघाले तेव्हा आतून जो हात बाहेर आला तो मला माझा वाटला नाही. बारीक, पांढुरका आणि लाकडासारखा ताठ. मूठ मिटायला गेलो तर बोटे तळव्यापासून तीन बोटे दूर थांबत.

वास्तविक तंबोऱ्याचे बहुतेक काम मला डाव्या हाताने, नाहीतर दुसऱ्याकडून करून घेता आले असते. दांडी कोरणे, भोपळा बसवणे, नक्षी, रोगण, हे सारे माझे थोरले बंधू गुलाबभाई उत्तम करीत. परंतु जवारी माझ्याकडे होती. ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तंबोऱ्याच्या तारा ज्या हाडाच्या तुकड्यावरून जातात त्याला घोडी म्हणतात. त्या घोडीचा माथा कानशीने असा घासावा लागतो की त्याला केसभर उतार यावा. तो उतार साधला म्हणजे तार हाडाला निसटती टेकत जाते आणि तिच्यातून तो भरलेला, गुंजणारा नाद निघतो, ज्याच्यासाठी तंबोरा घेतात. केसभर कमी घासले तर तार मुकी राहते. केसभर जास्त घासले तर ती भसाडी होते आणि घोडी टाकून द्यावी लागते. यालाच जवारी काढणे म्हणतात. हे काम सारे मनगटात आहे. अब्बांचे कान शाबूत होते, परंतु चार वर्षांपासून त्यांचे हात कापत होते. गुलाबभाईंना जवारी कधी साधली नाही, आणि ते तसे मोकळेपणाने सांगत.

उरूस नऊ आठवड्यांवर आला होता. उरुसात दर्ग्याच्या अंगणात गाणे होते, आणि दूरदूरचे गवई येताना आपले तंबोरे आमच्याकडे जवारीसाठी टाकतात.

पहिल्या दिवशी मी दवाखान्यातून परत आलो तेव्हा गुलाबभाई दुकानात दांडीला रोगण लावत होते.

"काय म्हणाल्या बाई?"

"कणीक दाबायला सांगितली."

"चपात्या पण लाटायला लावतील," गुलाबभाई म्हणाले. "मग हलिमाची सुटका." हलिमा म्हणजे माझी पत्नी. थोड्या वेळाने ते ब्रश खाली ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "दस्तू, राग मानू नकोस. यंदा तू पुढं गादीवर बस. गिऱ्हाइकांशी तू गोड बोलतोस, पुस्तकातलं बोलतोस. जवारीचं काम आपण कोल्हापूरला पाठवू."

"आणि पुढल्या वर्षी?"

"पुढल्या वर्षीचं पुढल्या वर्षी बघू की."

अब्बा कोपऱ्यात तसबीह ओढत बसले होते. हात कापू लागल्यापासून ती माळ त्यांच्या बोटांतून सुटत नसे. त्यांनी पुढचा मणी ओढला. मी मात्र त्या क्षणी मनाशी पक्के केले, की उरुसाच्या आत मी माझ्या जागेवर बसेन. ती जागा म्हणजे खिडकीखालची एक मळकी गोणपाटाची घडी होती. आजोबा तिच्यावर बसत, मग अब्बा बसले, मग मी.

मी दवाखान्यात रोज जाऊ लागलो. कोमट पाण्यात हात बुडवून बोटे हलवायची. ओला पंचा पिळायचा. टेबलाच्या कडेवर मनगट ठेवून हात वर उचलायचा, सोडायचा. मगदूम मॅडमचे वय तेव्हा माझ्यापेक्षाही कमी असेल. त्या शिरोळकडच्या. आवाज कधी चढवीत नसत.

"दुखतंय?"

"सोसवेल इतकं."

"सोसायला नाही सांगितलं. दुखतंय का ते सांगा."

"दुखतंय."

"मग थांबा. परत दुपारी."

हे 'थांबा' मला पटत नसे. आमच्या धंद्यात थांबणाऱ्याला आळशी म्हणतात. तीन आठवड्यांत मनगट पस्तीस अंशांवर आले. मी बोटांवर हिशोब केला. तीन आठवड्यांत वीस अंश, म्हणजे उरुसापर्यंत जेमतेम सत्तर, तेही सारे सुरळीत झाले तर. आणि बोटे अद्याप तळव्याला लागत नव्हती. या गतीचा मला मनस्वी कंटाळा आला, आणि मग मी ते केले जे माझ्यासारख्या तंबोरेवाल्यालाच सुचू शकते.

आमच्याकडे भोपळ्याला आकार देण्याची एक रीत आहे. कापलेला भोपळा पाण्यात भिजवतात. तो नरम झाला की आतून काटक्यांचे टेकू लावतात, बाहेरून सुतळी आवळतात आणि उन्हात ठेवतात. वाळल्यावर सुतळी सोडली तरी तो दिलेला आकार सोडत नाही. ही रीत मी लहानपणापासून पाहिली होती आणि ती कधी चुकलेली पाहिली नव्हती.

तो शुक्रवार होता. अब्बा व गुलाबभाई जुम्म्याच्या नमाजासाठी निघाले. हात ठणकतो असे सांगून मी घरी राहिलो. त्या खोटेपणाची लाज मला आजही वाटते. गच्चीवर बादलीभर ऊन पाणी नेले आणि त्यात हात अर्धा तास बुडवून ठेवला. नंतर मुठीएवढा एक वाळका भोपळा तळव्यात धरला, डाव्या हाताने एकेक बोट त्यावर वाकवले आणि वरून सुतळीचे अकरा वेढे घालून शेवटची गाठ दातांनी ओढली. डोळ्यांपुढे अंधारी आली. तरीही मला समाधान वाटले, कारण कित्येक आठवड्यांनंतर माझी मूठ प्रथमच मुठीसारखी दिसत होती. मी उन्हात भिंतीला टेकून बसलो.

हलिमा कपडे वाळत घालायला वर आली.

"अहो, हे काय बांधलंय?"

"औषध आहे."

"बोटं काळी पडलीत. कुणी सांगितलं हे?"

तिने बादली पाहिली, सुतळी पाहिली, भोपळा पाहिला आणि काय ते ओळखले. खाली जाऊन कात्री आणली आणि अकराचे अकरा वेढे कापले. मग म्हणाली, "स्वतःला बेल पण लावून घ्या दारावरच्यासारखी. दुखलं की वाजेल तरी. तोंडानं तर सांगत नाही."

संध्याकाळपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला. कातडी तापलेली आणि चकचकीत झाली.

दुसऱ्या दिवशी मगदूम मॅडमनी कोनाची पट्टी लावली. वहीत आकडा लिहिला. वही या वेळी माझ्याकडे फिरवली नाही. मी वाकून पाहिली. अठरा.

"काय केलंत?"

मी सारे सांगितले. भिजवणे, टेकू, सुतळी, ऊन. त्यांनी मध्ये अडवले नाही.

"तो भोपळा तुमच्याकडे येतो तेव्हा किती दिवसांचा असतो?"

"वर्ष-दीड वर्ष वाळलेला."

"म्हणजे मेलेला." त्यांनी वही मिटली. "दस्तगीरभाई, मेलेल्याला जसं वाकवाल तसं ते राहतं, कारण त्याला उलट बोलता येत नाही. हा हात जिवंत आहे. ह्याला बांधलं की हा भांडतो. सूज म्हणजे तेच, तो भांडतोय तुमच्याशी. आता दहा दिवस काही करायचं नाही. हात उंच ठेवा, बोटं हळू हलवा. बस."

"उरूस पाच आठवड्यांवर आलाय, मॅडम."

"उरूस दर वर्षी येतो."

"आणि हात?"

"तो दर वर्षी येत नाही," त्या म्हणाल्या. "अजून एकदा असं केलंत तर हा हात असाच राहील. मग माझ्याकडे येऊ नका, मला बघवणार नाही."

ते दहा दिवस मी गादीवर बसून काढले. गिऱ्हाइकांशी बोललो. गुलाबभाईंनी दोन तंबोरे कोल्हापूरला पाठवण्यासाठी गोणपाटात गुंडाळून ठेवले. अब्बांना हलिमाने सर्व सांगितले असणार, हे त्यांच्या न विचारण्यावरूनच मला समजले. त्याच आठवड्यात एका दुपारी अब्बा बराच वेळ कुठेसे गेले होते. परत आल्यावर "नाल मारून आणायला गेलो होतो चपलेला," असे म्हणाले. चपलांना नवी नाल काही दिसली नाही.

अकराव्या दिवशी पहाटेचा नमाज झाल्यावर अब्बांनी मला हाक मारली. खिडकीखाली, गोणपाटाच्या घडीपुढे, त्यांनी एक ताट मांडले होते. त्यात आठ-दहा बिघडलेल्या घोड्या होत्या आणि सर्वांत बारीक कानस.

"बस."

मी बसलो. गोणपाटाची ती घडी डाव्या हाताने सारखी केली.

"दस्तू, एक गोष्ट तुला शिकवायची राहून गेली," अब्बा म्हणाले. "घोडीला विसावा लागतो. घासलं की हाड तापतं. तापलं की फुगतं. फुगलेल्या हाडावर तू जो उतार काढशील, तो हाड निवल्यावर उतार राहत नाही. म्हणून कानशीचे तेहतीस हात मारायचे, आणि पुढच्या नमाजापर्यंत घोडीला शिवायचं नाही. फजर, जोहर, असर, मगरिब. चार वेळा. रात्री नाही."

गुलाबभाई समोर चहा पीत होते. ते म्हणाले, "अब्बा, असं आपण कधी..."

"गुलाब, तुझा चहा निवतोय."

गुलाबभाईंनी अब्बांकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि चहा पिऊन टाकला.

"पण अब्बा," मी म्हणालो, "पंधरा वर्षं मी जवारी काढतोय. हे तुम्ही कधी बोलला नाही."

"गरज नव्हती. तुझा हात हलका होता. हलक्या हाताखाली हाड तापत नाही. आता हात जड झालाय. माझ्या अब्बांचा हात म्हातारपणी जड झाला, तेव्हा ते असंच करायचे." त्यांनी कानस माझ्या बोटांत ठेवली आणि तसबीहचा पहिला मणी अंगठ्याखाली धरला. "चल. एक."

मी कानस पुढे सारली. मनगटात कळ गेली. अब्बांनी मणी ओढला. दुसरा हात. दुसरा मणी. प्रत्येक हातागणिक त्यांचे ओठ हलत होते. गुलाबभाई हसून म्हणाले, "अब्बा, कानशीचे हात पण माळेवर मोजता?"

"मी अल्लाचं नाव घेतोय," अब्बा म्हणाले. "हा मध्ये कानस मारतोय, त्याला मी काय करू?"

तेहतीस झाले. मला अजून दहा मारता आले असते. खरे तर पन्नासही. अब्बांनी घोडी माझ्या हातातून काढून घेतली, कानाच्या पाळीला लावली, डोळे मिटले आणि म्हणाले, "तापली. ठेव."

मी ठेवली. डॉक्टर, मॅडम, पत्नी, कोणाच्याही सांगण्याने मी जे केले नव्हते, ते एका हाडाच्या सांगण्याने निमूटपणे केले. जी गोष्ट माझ्यासाठी होती ती मी टाळली असती. परंतु घोडीचा बिघाड मला सहन होणारा नव्हता.

त्यानंतरचे दिवस एकसारखे गेले. पहाटे तेहतीस. दुपारी तेहतीस. तिसऱ्या प्रहरी, तिन्हीसांजेला. मधल्या वेळात मॅडमनी सांगितलेला व्यायाम. बिघडलेल्या घोड्या अधिकच बिघडत होत्या, परंतु दर दोन-तीन दिवसांनी कानस थोडी सरळ जाऊ लागली. एकदा अब्बा नमाजाआधी हातपाय धुवायला, म्हणजे वजू करायला, उठले असता मी ती घोडी हळूच माझ्या कानाला लावून पाहिली. मला ती थंडच लागली. माझ्या कानाची पाळी अजून तयार झालेली नाही, असे मी मनाशी म्हटले.

दवाखान्यात पट्टी लागतच होती. अठ्ठावीस. छत्तीस. सत्तेचाळीस.

"घरी काय करता आता?" मगदूम मॅडमनी विचारले.

"घोडी घासतो. तेहतीस हात, चार वेळा."

"तेहतीसच का?"

"त्याच्यापुढं हाड तापतं."

त्यांनी मान खाली घातली आणि वहीत काही तरी लिहू लागल्या. बराच वेळ लिहीत होत्या. मग म्हणाल्या, "मग थांबायलाच हवं. हाड तापवून चालणार नाही."

उरुसाला दोन दिवस राहिले असताना सौंदत्तीकरबुवा आले. सत्तरीचे गवई, उंच, अंगात पांढरा सदरा. त्यांच्याकडे आमच्या आजोबांनी केलेला तंबोरा होता. त्यांनी तो स्वतः रिक्षातून उतरवला. कोणाला हात लावू दिला नाही.

"बाबालाल, परवा रात्री गायला बसायचंय," ते अब्बांना म्हणाले. "खर्ज मुका झालाय. कुणाकडे देतोस?"

गुलाबभाई म्हणाले, "बुवा, आम्ही यंदा हे काम कोल्हापूरला..."

"दस्तू काढेल," अब्बा म्हणाले.

जोहरनंतर मी बसलो. बुवा समोर पाटावर बसले. मी तारा सैल केल्या, घोडी उतरवली, माथा बोटाने चाचपला. मग कानस घेतली. अब्बांचे मणी सुरू झाले. या वेळी हाताखाली बिघडलेली घोडी नव्हती. आजोबांनी बसवलेली होती. वीस झाले, तीस झाले, तेहतीस झाले. घोडी बसवून तार छेडली. खर्ज किंचित बोलला, पण पडद्याआडून बोलल्यासारखा. अजून सात-आठ हात मारले की झाले असते, हे मला स्पष्ट कळत होते. पण तेहतिसावा मणी पडून गेला होता.

मी कानस खाली ठेवली.

"झालं?" बुवांनी विचारले.

"नाही. हाड तापलंय. असरनंतर."

"काय तापलंय?"

"बुवा, चहा घ्या," अब्बा म्हणाले.

बुवांनी गुलाबभाईंकडे पाहिले. गुलाबभाईंनी भिंतीकडे पाहिले. बुवा म्हणाले, "साठ वर्षं गातोय. हाडाला ताप येतो हे आज कळलं. आण चहा." आणि ते दोन तास बसून राहिले. माझे मनगट मांडीवर होते. आत सुईसारखे जे टोचत होते ते हळूहळू ओसरले.

असरनंतर मी नऊ हात मारले. दहावा मारला नाही. घोडी बसवली, तारेखालचा सुती दोरा नाद खुलेल अशा जागी सरकवला आणि बुवांनी आपल्या बोटाने तार छेडली.

खर्ज उघडला. तो आवाज लिहिता येईल इतकी माझी विद्या नाही. खोलीत कोणी तरी मोठा माणूस येऊन बसावा, तसे वाटले. बुवांनी छेडणे थांबवले नाही. चारही तारा झाल्यावर ते अब्बांना म्हणाले, "तुझ्या बापाचा आवाज आहे हा." उठताना तंबोरा माझ्या हातात दिला आणि रिक्षापर्यंत मला नेऊ दिला. मी तो उजव्या हाताने उचलला.

गुलाबभाईंनी गोणपाटात गुंडाळलेले दोन्ही तंबोरे त्याच संध्याकाळी सोडून माझ्यापुढे ठेवले.

अब्बा त्यानंतर सहा वर्षांनी गेले. मी खिडकीखालीच बसतो. जवारी काढताना मी आजही तेहतीस हातांवर थांबतो. घोडीला विसावा देतो. दोन तासांच्या कामाला दोन दिवस लावतो. एकदा दुसऱ्या एका पेठेतील वृद्ध कारागिराशी बोलताना मी या नियमाचा उल्लेख केला. ते म्हणाले, "कानशीनं हाड तापतं? मशीन लावलं तर तापेल. हातानं कसं तापेल, बाबा?" मी समजलो की त्यांच्या घराण्यात ही विद्या पोहोचली नसावी.

गेल्या हिवाळ्यात हलिमाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी व्यायामासाठी ज्या केंद्राचा पत्ता दिला, तेथे गेलो तर समोर मगदूम मॅडम. केस पांढरे झालेले, आवाज तोच. त्यांनी हलिमाला खुर्चीत बसवले, टाचेखाली पंच्याची गुंडाळी ठेवली आणि म्हणाल्या, "दाबा."

"दुखतंय," हलिमा लगेच म्हणाली.

"बघा, ह्या शहाण्या आहेत," मॅडम मला म्हणाल्या. मग माझा उजवा हात आपल्या हातात घेतला, मनगट मागे-पुढे करून पाहिले. पट्टी लावली नाही. "अजून जवारी काढता?"

"काढतो."

"चाचांची, तुमच्या अब्बांची, घोडी अजून तापते का?"

मला प्रश्नाचा अर्थ समजला नाही. त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी माझा हात हळूच खाली ठेवला.

"मला वाटलं, तुम्हाला नंतर सांगितलं असेल त्यांनी," त्या म्हणाल्या. "तुम्ही हात बांधून घेतला होता ना, त्याच आठवड्यात चाचा आले होते. सगळे पेशंट जाईपर्यंत बाहेर बाकावर बसून राहिले. रुमालात घोडी आणि कानस गुंडाळून आणली होती. मला टेबलावर घासून दाखवलं, हात असा हलतो म्हणून. हात कापत होते त्यांचे. मग म्हणाले, 'बाई, माझा मुलगा माणसाचं ऐकत नाही. कामाचं ऐकतो. किती घासलेलं चालेल आणि कुठं थांबायचं तेवढं मला सांगा. मी ते त्याला हाडाच्या तोंडून सांगतो.'"

हलिमाचा पाय पंच्यावर तसाच राहिला होता.

"मी सांगितलं, एका वेळी तीस. दिवसातून चार वेळा, मध्ये दोन-तीन तासांची विश्रांती. ते म्हणाले, 'तेहतीस चालतील का? माझी माळ तेहतीसची आहे.' मी म्हटलं, चालतील."

त्या दिवशी मी दुकानात उशिरा पोहोचलो. गुलाबभाई आता बहात्तर वर्षांचे आहेत. रोगणाचे काम मुलांवर सोपवून ते गादीवर बसतात. मी त्यांच्यापुढे बसलो.

"भाई, घोडी तापत नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "कोण म्हणालं?"

"तुम्हाला ठाऊक होतं."

"पहिल्या दिवसापासून. तू वजूला गेलास तेव्हा अब्बांनी बजावलं मला, ह्याला कळलं तर हा परत सुतळी शोधेल. अठ्ठावीस वर्षं मी तुझे तेहतीस हात बघतोय. हसू दाबून दाबून माझ्या बरगड्या दुखल्यात."

"मग अब्बा गेल्यावर तरी सांगायचं."

"कशाला? हात चालतोय की तुझा."

मी खिडकीखाली जाऊन बसलो. धारवाडकडचा एक तंबोरा अर्धवट होता. त्याचा मालक संध्याकाळच्या गाडीने येणार होता. कानस घेतली. माळ माझ्याकडे नाही. मी मनात मोजतो. तेहतीस झाले. तार छेडली. नाद अजून थोडा अडत होता. आणखी पाच-सहा हातांचे काम होते, आणि मनगटात काही दुखत नव्हते.

"उरक की आता," गादीवरून गुलाबभाई म्हणाले. "माणूस येईल एवढ्यात. आता तर तुला सगळं कळलंय."

मी घोडी उतरवून कानाच्या पाळीला लावली. ती थंड होती. बहुधा नेहमीच थंड असणार.

"तापलीय," मी म्हणालो, आणि फडक्यावर ठेवून दिली.